पुढचं दार

आईनं माझ्या तळहातावर दही ठेवलं आणि मी ते चाटत असतानाच म्हणाली, "आणि हे बघ, तिन्हीसांजेला मागचं दार लावून घेत जा. पुढचं उघडं ठेव. लक्ष्मी पुढून येते आणि मागून निघून जाते." बाहेर रिक्षा उभी होती. माधव, म्हणजे माझा नवरा, वर्षभर आधीच अमेरिकेत जाऊन एका हॉस्पिटलात रुजू झालेला. मी जन्मात पहिल्यांदा विमानात बसणार, तेही एकटी. इंग्रजी बोलायची वेळ आली की माझी त-त-प-प व्हायची. आणि माझ्या आईला काळजी कशाची, तर दारांची! अप्पा नुसते घसा खाकरत राहिले. रिक्षा सांगलीच्या आमच्या बोळातून वळली तेव्हा मी मागं पाहिलं. दोघं दारात उभी होती आणि सुमन, माझी धाकटी बहीण, चौकटीला धरून रडत होती.

सुमे, हे मी तुझ्यासाठी लिहितेय. बाकीच्यांनीही वाचावं, तिकडं राहिलेल्यांनी आणि माझ्यासारख्या इकडं आलेल्यांनी, पण आधी तू वाच. गेल्या वर्षी आई गेली. मी दिवसकार्याला आले तेव्हा तू मला ऐकवलंस, "आई शेवटपर्यंत म्हणत होती ताई, की थोरलीनं मला मागच्या दारानं घालवलं." मी गप्प बसले. तुला वाटलं असेल, हिच्याकडं उत्तर नाही. उत्तर होतं गं. पण ते द्यायचं तर आधी अख्खं घर सांगावं लागलं असतं, आणि तेव्हा माझ्यात तेवढा दम नव्हता.

तर घरापासून सुरुवात करते. माधवनं पत्रात लिहिलं होतं, "कलोनिअल फार्महाऊस भाड्यानं घेतलंय." मला वाटलं, कलेक्टरच्या बंगल्यासारखं काहीतरी असणार. खांब, व्हरांडा, पुढं कण्हेरी, दारात शिपाई. पाहते तर काय, एक भलामोठा लाकडी पेटारा! न्यू हॅम्पशायरमधलं ते गाव म्हणजे एक चर्च, एक पोस्ट, एक स्टोअर आणि बाकी सगळी झाडं. गावाच्या टोकाला हे घर. पुढून दुमजली, सरळसोट. मागून मात्र छप्पर उतरत उतरत पार डोक्याला लागेल इतकं खाली आलेलं, म्हातारीनं पाठीवर शाल ओढून घ्यावी तसं. भिंतींना बाहेरून आडव्या फळ्या, एकीवर एक चढवलेल्या. खिडक्यांना तळहाताएवढ्या काचा, आणि त्या काचाही सरळ नाहीत. त्यातून बघितलं की बाहेरची झाडं पाण्यात असल्यासारखी दिसायची.

आणि आत? घराच्या पोटात मधोमध विटांची चिमणी. चिमणी म्हणजे नुसतं धुराडं नव्हे, एक खोलीच म्हण ना. तिच्या तीन अंगांना तीन मोठ्या शेकोट्या, आणि बाकीच्या खोल्या तिला पाठ लावून बसलेल्या. थंडीच्या मुलखात माणसांनी आधी ऊब बांधली आणि मग तिच्याभोवती घर, असा सगळा प्रकार. पुढच्या दोन खोल्या त्यातल्या त्यात नेटक्या. मागं लांबच्या लांब किचन, आणि किचनच्या कोपऱ्यात, चिमणीच्या पाठीशी, एक एवढीशी उबदार खोली. छताच्या तुळयांवर कुऱ्हाडीचे घाव तसेच दिसायचे. एकही खिळा नाही, लाकडात लाकूड ठोकून बसवलेलं. हे घर बांधलं तेव्हा अमेरिका नावाचा देशच नव्हता, इथं इंग्लंडच्या राजाचा अंमल होता. म्हणजे आपल्याकडं पेशवाई चालू होती तेव्हा! माधवनं हे सांगितलं तेव्हा मला जरा बरं वाटलं. निदान घर तरी वडीलधारं मिळालं.

पण या घराला पुढून कुणी यायचंच नाही. पुढचं दार होतं, चांगलं रुंद, डोक्यावर काचांची पट्टी, पायाशी दगडाची एकच प्रचंड पायरी. पण पायरीपाशी गवत माजलेलं आणि दार रंगाचे थर बसून बसून चिकटलेलं. माधवकडं चावी होती ती किचनच्या दाराची. त्या दाराकडं जायचं म्हणजे बाजूनं वळसा घालून लाकडं ठेवायच्या पडवीतून, बूट, फावडी, कचऱ्याचे डबे ओलांडत. मी पहिल्याच दिवशी फटकारलं, "हे काय दार आहे? इथून केर जातो! मी काय मोलकरणीसारखी गृहप्रवेश करू?" माधव म्हणाला, "अगं, इकडं असंच असतं." मी ऐकते होय! रॉकेल घालून, सुरीनं रंग खरवडून, शेवटी माधवच्या खांद्यानं ते दार उघडलं. मग त्याला बॅगेतून आणलेलं मण्यांचं तोरण बांधलं, उंबऱ्याला हळदकुंकू लावलं, दगडाच्या पायरीवर तांदळाच्या पिठाची रांगोळी काढली. त्या दिवशी ते घर मला पहिल्यांदा घरासारखं दिसलं.

त्या दिवसापासून माझा नेम सुरू झाला. तिन्हीसांज झाली की मागच्या दाराला खिट्टी घालायची, देवापुढं निरांजन लावायचं आणि ते घेऊन पुढच्या दारात उभं राहायचं. रस्त्यावरून एखादी गाडी जायची, दारासमोर हळू व्हायची, आणि निघून जायची. एवढंच. माधवची ड्यूटी रात्री उशिरापर्यंत. स्टोअरमध्ये बाई नुसती हसायची आणि पैसे घ्यायची. दिवसचे दिवस माझ्या तोंडून मराठी शब्द निघायचा तो भाजीला उद्देशून. "काय गं बाई, एवढी कसली तू फुगलीस," असं मी भोपळी मिरचीला म्हणायची आणि आपणच दचकायची. रविवारी ॲन आर्बरहून माधवच्या चुलतबहिणीचा, कुंदाताईंचा, फोन यायचा. तिकडं युनिव्हर्सिटीतली मराठी मंडळी जमायची, गणपती बसायचा, पुरणाचा घाट घातला जायचा. "तुमच्याकडं कोण कोण आलं होतं गं दिवाळीला?" त्या विचारायच्या. काय सांगणार, कपाळ! फराळाचा डबा मी एकटीनं संपवला होता.

सांगलीच्या आपल्या दोन खोल्यांत दिवसभर दार उघडं असायचं. शेजारच्या काकू विरजण मागायला, अप्पांचे मित्र पेपर वाचायला, कुणीच नाही तर गल्लीतलं मांजर. अप्पा म्हणायचे, "दार उघडं असलं की माणूस येतोच." माझं दार रोज उघडं होतं आणि माणूस येत नव्हता. थंडी वाढली तसा माधव कुरकुरायला लागला, "आपण अख्ख्या गावाला हीट पुरवतोय, कल्पना आहे का तुला?" मी म्हटलं, "मग लक्ष्मीनं काय जाकीट घालून यायचं?" तो हसला, पण मला हसू आलं नाही. आपल्या रंगामुळं येत नाहीत का? आपल्या फोडणीच्या वासामुळं? मी आरशात बघून कुंकू लहान करून पाहिलं. मधूनमधून सकाळी किचनबाहेरच्या पायरीवर काहीतरी सापडायचं. कधी भोपळा, कधी जॅमची बाटली, एकदा तर फडक्यात झाकलेला ॲपल पाय. मला वाटलं, कुणीतरी विसरलंय. परक्याच्या वस्तूला हात कसा लावायचा? तशीच ठेवली, ती रानातल्या जनावरांनी खाल्ली.

बर्फ गुडघाभर झालं तेव्हा मी माधवला स्पष्ट सांगितलं. वसंत आला की मला सांगलीला पाठव, तू तुझा करार पुरा कर आणि ये. मी इथं वेडी होईन. तो उठून शेकोटीत लाकडं सारायला लागला.

त्यानंतर आठवड्याभरात मिसेस हॉलिस आल्या. या आमच्या घरमालकीण, ऐंशीच्या घरातल्या, रस्त्यापलीकडच्या छोट्या घरात एकट्या राहायच्या. मी आले त्या दिवशी एकदा नमस्कार-चमत्कार झाला होता, तेवढीच ओळख. संध्याकाळी मी निरांजन घेऊन उभी, आणि समोरून बर्फ तुडवत ही म्हातारी येतेय. काळा कोट, चर्चला जायची हॅट, हातात झाकलेलं भांडं. थेट पुढच्या पायरीवर आल्या, हॅट काढली आणि हळू आवाजात विचारलं, "माय डियर, कोण गेलं?"

"कुठं?" मी म्हटलं.

त्या गोंधळल्या. मग आत येऊन बसल्या आणि सावकाश सांगायला लागल्या, मला कळावं म्हणून एकेक शब्द सुटा करून. या घराचं पुढचं दार दोनदाच उघडतं. नवी नवरी आत येते तेव्हा, आणि माणूस शेवटचं बाहेर जातं तेव्हा. किचनच्या वाटेला चिमणीचं वळण आहे, तिथून शवपेटी वळत नाही. म्हणून गेलेल्याला पुढच्या खोलीत ठेवायचं आणि सरळ त्या दारानं न्यायचं. त्यांचा नवरा तसाच गेला, आई तशीच गेली. जिवंत माणसानं मागून यायचं, खिट्टी उघडी असली की हाक न मारता आत शिरायचं, ही इथली रीत. "तू ऑक्टोबरपासून रोज तिन्हीसांजेला ते दार उघडून ज्योत घेऊन उभी राहतेस," त्या म्हणाल्या. "आम्ही सगळे गाईंच्या धारा काढून झाल्या की मागं येऊन दार ठोठावून गेलो. तुला काही ऐकू आलं नाही?" कसं येणार! मधे ती खोलीएवढी चिमणी. मी पुढं उभी राहून माणसांची वाट बघत होते आणि माणसं मागं उभी राहून माझी. "मग आम्ही म्हटलं, पोरगी दुःखात आहे. तिचं तिला राहू द्यावं."

सुमे, मला आधी हसू फुटलं आणि मग जे रडू आलं ते आवरेना. अख्खं गाव माझं सुतक पाळत होतं आणि मला पत्ता नाही! त्या बिचाऱ्या मला थोपटत राहिल्या. त्यांना तेव्हाही वाटत असणार, कुणीतरी गेलंय नक्की.

पुढं काय करायचं ते उघड होतं, आणि तेच मला जमेना. माणसं हवीत तर तिन्हीसांजेला पुढचं दार लावायचं आणि मागचं उघडं टाकायचं. म्हणजे आईनं निघताना जे बजावलं होतं, बरोबर त्याच्या उलट. कितीतरी दिवस मी दोन्ही दारं लावून मधे चिमणीपाशी बसून काढले. मग एका संध्याकाळी पुढचं दार ओढून घेतलं, मागची खिट्टी काढली आणि देवाला म्हटलं, "बाई लक्ष्मी, मागूनच ये. तिथं तरी तुझा अपमान कोण करतंय?" त्याच आठवड्यात पलीकडची शेतकरीण बूट आपटत आत आली, खुर्ची ओढून बसली आणि माझ्या चहाला नाक मुरडत दोन कप प्यायली. माझं सांगलीचं तिकीट राहून गेलं.

पण एकटेपण गेलं म्हणशील, तर नाही. माणसं यायची, बर्फाबद्दल बोलायची, ट्रकच्या टायरबद्दल बोलायची. माझ्या शालिनी नावाचं त्यांनी शॅली केलं. ते हसले की मी अर्ध्या क्षणानं हसायची. ती गेली की मी कप विसळत विसळत मराठीत सगळं पुन्हा एकदा स्वतःला सांगायची. मिसेस हॉलिस तेवढ्या वेगळ्या होत्या. दुपारच्या येऊन त्या मला घर दाखवायच्या, मी तिथं राहत असूनही. घर आधी अर्धंच होतं, मग पोरं वाढली तसा दुसरा अर्धा जोडला, मग मागं उतरतं छप्पर काढून किचन. किचनच्या कोपऱ्यातली ती एवढीशी खोली बाळंतिणीची. चिमणीची ऊब तिथं सगळ्यात जास्त म्हणून. "मी इथं जन्मले," त्या भिंतीवर हात ठेवून म्हणायच्या, "आणि तिथून जाणार." तिथून म्हणजे पुढून.

आणि तशाच गेल्या. माझ्या तिसऱ्या हिवाळ्यात. त्यांचा मुलगा हॅट हातात धरून किचनमध्ये उभा राहिला आणि विचारलं, आईची इच्छा होती, चालेल का? नाही कशी म्हणणार? आदल्या दिवशी मी ते दार उघडायला घेतलं, तोरण सोडून ठेवलं. आमच्या पुढच्या खोलीत त्यांना ठेवलं होतं, अंगावर तो काळा कोट. सकाळी सहा जणांनी उचललं आणि सरळ, एकही वळण न घेता, त्या दारानं नेलं. थंड वारा आत आला आणि चिमणीतून वर गेला, तो आवाज मी विसरलेली नाही. नंतर मी दार लावलं, घर पाण्यानं धुतलं, न्हाले. तोरण पुन्हा बांधलं नाही. त्या दाराच्या कडीला पुन्हा हात लावायचा माझा धीरच झाला नाही.

आता आईचं सांगते. त्यानंतर आणखी दोन हिवाळे गेले, मला दिवस राहिले आणि आई बाळंतपणाला आली. काय काय आणलं होतं तिनं! डिंक, आळीव, बाळाची टोपडी, शेक घ्यायला ओवा. मी तिला त्या बाळंतिणीच्या खोलीतच निजवलं, नंतर आम्ही दोघी तिथंच आणि मधे बाळ. चार महिने तिनं माझं आणि लेकीचं केलं. लोकर विणणाऱ्या शेजारणींना खुणेनं शिरा खायला लावला. पण तिन्हीसांज झाली की तिची चुळबुळ सुरू. पहिल्याच दिवशी जाऊन पुढच्या दाराची कडी ओढून आली. "अगं, हे उघडत का नाही?" मी म्हटलं, "रंगानं चिकटलंय." ती मागचं दार लावायची, मी तिची पाठ वळली की खिट्टी काढायची. एकदा तिनं पकडलं.  त्या दिवशी ती देवापुढं बराच वेळ बसली.

निघायचा दिवस आला. तिनं माझी ओटी भरली, बाळाच्या कपाळाला अंगारा लावला, कोट चढवला. आणि हळदकुंकवाचा करंडा घेऊन सरळ पुढच्या दाराकडं निघाली. उंबऱ्याला कुंकू लावलं, कडी दोन्ही हातांनी धरून ओढली, आणि दार हललं. मी ओरडलेच, "आई, तिथून नको!"

"का गं?"

का ते कसं सांगू? बाळ माझ्या खांद्यावर, आई प्रवासाला निघालेली, अप्पा तिकडं वाट बघत बसलेले. अशा वेळी तोंडातून 'प्रेत' काढू? बोलाफुलाला गाठ पडते, हे तिनंच शिकवलेलं मला. मी म्हटलं, "गाडी मागं आहे."

"गाडी पुढं आणता येते की. लेकीच्या घरून निघताना पुढच्या दारानं निघावं."

"नको म्हटलं ना आई! मागून चल."

माधवला सगळं माहीत होतं.  त्यानं नुसत्या बॅगा उचलल्या आणि किचनकडं चालू लागला. आईनं माझ्याकडं एकदा बघितलं. लेकीनं परक्यासारखं केलं की आईची नजर कशी होते, ते मला त्या दिवशी कळलं. मग ती माझ्यापुढून किचनमधून गेली, पडवीत बुटांच्या ढिगाऱ्यातून, फावड्यांतून, कचऱ्याच्या डब्यांशेजारून, पदर सावरत. मी वाकून नमस्कार केला. आपल्यात कुणी निघताना 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतात. लहानपणी चुकून 'जाते' म्हटलं तर ती आपल्याला दाराशी थांबवून परत म्हणायला लावायची, आठवतं ना? गाडीत बसताना ती म्हणाली, "जाते."

नंतर पत्रात लिहायला मी कितीदा बसले. आईचं नाव आणि शवपेटी एका कागदावर मांडायला हात धजावला नाही. पुढं कधीतरी समोरासमोर सांगू, हसू दोघी, असं म्हणत राहिले. आणि तुझी तार आली.

दिवसकार्य आटोपल्यावर मी सांगलीच्या घरात बसले होते. तिन्हीसांजा झाल्या, तू उठून मागचं दार लावायला निघालीस आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "लावू नकोस गं, कुणी आलं तर?" तू थांबलीस. म्हणालीस, "इथं मागच्या दारानं कुणी येत नाही ताई. आणि कुणी कुणाला घालवतही नाही." मग ते आईचं बोललीस.

बरोबर होतं तुझं. तुझ्या त्या घरात पुढच्या दारानं वरातही आली आणि आईलाही नेलं, तरी मी त्या दारातून बिनधास्त आत-बाहेर करत होते. मला कुठल्याच दाराची भीती वाटली नाही, तेव्हाच मी ओळखलं, की मी तिथली पाहुणी झाले. भीती वाटते ती इकडच्या दाराची. माझी लेक धावत त्याच्याकडं गेली तरी मी हातातलं टाकून तिला उचलून आणते. घर म्हणजे काय असं मला आता कुणी विचारलं, तर मी सांगेन, जिथल्या दाराची भीती वाटते ते, आणि त्यात मला काही सुख आहे असं नाही.

तू अप्पांना सांग. त्यांनी विचारलं नाही, पण त्यांच्याही मनात असणार. म्हणावं, थोरलीनं आईला मागच्या दारानं घालवलं, खरं आहे. कारण त्या घरात पुढच्या दारानं गेलेलं माणूस परत येत नाही, आणि मला माझी आई परत यायला हवी होती.